अकरातल्या जागेसाठी

रणजी करंडकाच्या सामन्यात मैदानावर अकरा जण उतरतात. संघाबरोबर आलेले बाकीचे पाणी नेतात, नेटमध्ये गोलंदाजी करतात आणि कोणाचा स्नायू दुखावतो का याकडे लक्ष ठेवतात. एलिट गटात एका हंगामात साखळीचे सात सामने होतात. ज्याला सातही सामने बाहेर बसावे लागते, त्याच्या वयात एक वर्ष वाढते, पण खेळात भर पडत नाही. मुंबईसारख्या संघात ही वेळ चांगल्याचांगल्या खेळाडूंवर येते. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने ४२वे विजेतेपद मिळवले. इतकी विजेतेपदे असलेल्या संघात फलंदाजीच्या एका जागेसाठी अनेक मुले रांगेत असतात आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या अकरात सहज बसतील अशी असतात. त्यांतले काही जण संघ सोडतात. या स्थलांतरामागे पैसा, कर्णधारपद, रुसवे, शिस्तीच्या कारवाया अशी कारणे असतात. सर्वांत सामान्य आणि सर्वांत प्रामाणिक कारण मात्र खेळायला मिळणे हेच असते.

संघ बदलण्याची रीत ठरलेली आहे. खेळाडू आपल्या मूळ संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागतो. मैदानावरच्या बोलीत त्याला एनओसी म्हणतात. ती मिळाली की नवी संघटना त्याची नोंदणी करते. जन्म, वास्तव्य, शिक्षण किंवा नोकरी यांपैकी काहीच त्या राज्याशी जोडलेले नसेल तर तो पाहुणा किंवा व्यावसायिक खेळाडू ठरतो. अशा पाहुण्यांची मर्यादा एका संघाला तीन. पाहुण्याला संघटना वेगळे मानधन देऊ शकते, पण निर्णयामागचे गणित बहुधा भारतीय क्रिकेट मंडळाच्या सामना-मानधनातच दिसते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून अधिक खेळलेल्याला ६० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. बाहेर बसणाऱ्याचे उत्पन्न अर्धे होते आणि वरच्या दराकडे जाणारी सामन्यांची मोजणीही थांबते.

वयाचे गणित याहून कठोर आहे. सोळा, एकोणीस आणि तेवीस वर्षांखालील संघ ही वर चढण्याची वाट. सी. के. नायडू करंडक हा तिचा शेवटचा टप्पा. तेवीस उलटली की वयोगटाचा संघ उरत नाही. मग वरिष्ठ संघात जागा मिळते किंवा क्लब क्रिकेट, कंपनीची नोकरी आणि कांगा लीगचे रविवार एवढेच हाती राहते. त्यामुळे एनओसीचा प्रश्न अनेकांसमोर पहिल्यांदा विशीच्या मध्यावर उभा राहतो.

हा प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून पाहिला की त्याला आणखी एक पदर दिसतो. महाराष्ट्र राज्यात रणजीचे तीन संघ आहेत. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा एक. मुंबईचा दुसरा, ज्याच्या कार्यक्षेत्रात ठाणे, पालघर आणि नवी मुंबई येतात. उरलेल्या राज्याचा तिसरा, ज्याचे घर पुण्याजवळ गहुंज्याला आहे. मुंबई आणि महाराष्ट्र या दोन संघटनांची सीमा जुन्नरच्या बाजूने माळशेज घाटात येते. घाटमाथ्यावरचा मुलगा महाराष्ट्राचा, घाट उतरून कल्याणला वाढलेला मुंबईचा. या दोन तालुक्यांची निम्मी घरे तर घाटाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून आहेत. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर याच पट्ट्यातले. वाशीच्या बाजार समितीत आणि माथाडी कामातही इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकाच घरातला थोरल्याचा मुलगा ओतूरला किंवा घोडेगावला शिकतो आणि धाकट्याचा ऐरोलीला. पहिल्याची निवड चाचणी पुण्यात, दुसऱ्याची मुंबईत. गुण सारखे असले तरी दोघांपुढच्या रांगा वेगळ्या लांबीच्या असतात.

बाहेरचा खेळाडू किती चालेल, हा वादही या भागाला नवा नाही. यात्रा-जत्रांच्या आणि सुगीनंतरच्या दिवसांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. त्यांच्या पत्रकांवर ‘एक गाव एक संघ’, ‘तालुका मर्यादित’ किंवा ‘ओपन’ असे आधीच छापलेले असते. ओपन स्पर्धेत नावाजलेले बॅट्समन दूरदूरहून आणले जातात. मर्यादित स्पर्धेत आधार कार्ड पाहून खेळाडू उतरवतात. पहिल्या प्रकारात गर्दी जमते, दुसऱ्यात गावातल्या पोराला बॅट मिळते. भारतीय क्रिकेट मंडळाने तीन पाहुण्यांची मर्यादा घालून हाच तंटा आपल्या पातळीवर मिटवायचा प्रयत्न केला आहे.

संघ बदलण्याची चाल रणजीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या काळात तिला संस्थानांचा आश्रय होता. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याचे झाले. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमद यांच्याबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या, त्यांतल्या हजाऱ्यांच्या २८८. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे असे अनेक संघ फिरले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम ९ धावांवर आला असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. एवढी धावसंख्या उभारणाऱ्या या फलंदाजाला एकही कसोटी मिळाली नाही. त्या पिढीचे खेळाडू संस्थानिकाच्या पदरी नोकरी मिळते म्हणून जात. क्रिकेट हेच पोट भरण्याचे साधन नव्हते तेव्हा नोकरी आणि खेळ एकत्र मिळणे मोठी गोष्ट होती.

संस्थाने गेली आणि मुंबई सर्वांच्या वर जाऊन बसली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदे तिने मिळवली. त्या मुंबईत बाहेर राहिलेल्यांची नावे आज कोणी सांगत नाही, कारण स्कोअरकार्डवर ती आलीच नाहीत. दादरच्या आणि आझाद मैदानाच्या क्लबांत रणजीच्या तोडीचे कितीतरी जण आयुष्यभर शनिवार-रविवार खेळले. एनओसीची वाट मळलेली नसल्याचा हा परिणाम होता आणि भारतीय क्रिकेटचे ते खरे नुकसान होते.

ही वाट किती दूर नेऊ शकते हे श्रीरामपूरच्या झहीर खानने दाखवले. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा डावखुरा मुलगा मुंबईला आला आणि सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडला. मुंबईच्या वरिष्ठ संघात मात्र त्याला शिरकाव मिळेना. मग बडोदा. १९९९-२००० च्या हंगामात तो बडोद्याकडून रणजी खेळू लागला. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना, नोव्हेंबरमध्ये ढाक्याला पहिली कसोटी आणि त्याच हंगामात बडोद्याला रणजी करंडक. मुंबईत आणखी दोन वर्षे थांबला असता तर हे घडले असते का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण वेगवान गोलंदाजाची विशीतली दोन वर्षे फार मोलाची असतात. नेटमध्ये तासन्‌तास टाकलेले चेंडू सामन्यातल्या तिसऱ्या स्पेलची जागा घेऊ शकत नाहीत. थकलेल्या पायांनी, जुन्या चेंडूने, टिकून बसलेल्या फलंदाजाला बाद करणे सामन्यातच शिकता येते. झहीरने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. २००६-०७ मध्ये तो मुंबईकडून खेळायला परतला आणि त्या वर्षी मुंबईने करंडक जिंकला. ज्याला जागा देता आली नव्हती, तो घडून परत आला तेव्हा मुंबईला त्याचा पूर्ण लाभ झाला. मोठ्या संघांनी एनओसी देताना हात आखडू नये, याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

बीडच्या संजय बांगरने रेल्वेची वाट धरली. नोकरी आणि संघ दोन्ही तिथे मिळाले आणि तिथूनच तो २००१ मध्ये कसोटी संघात पोचला. २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्याने केलेल्या ६८ धावा अनेक शतकांहून मोलाच्या ठरल्या. रोहन गावसकरनेही मुंबईऐवजी बंगाल निवडले आणि तिथून ११ एकदिवसीय सामन्यांपर्यंत मजल मारली.

अमोल मुजुमदारचे स्थलांतर याहून वेगळे, कारण ते शेवटाकडचे होते. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसलेला मुलगा हाच. १९९३-९४ मध्ये हरियानाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. २००६-०७ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबई विजेती झाली. पुढे २००९ मध्ये तो आसामकडे गेला, त्यानंतर आंध्रकडे. भारताची टोपी मिळाली नाही, पण लहान संघांच्या तरुण मुलांबरोबर घालवलेली ती वर्षे वाया गेली नसावीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

मुंबईचा वसीम जाफर ३७व्या वर्षी विदर्भाकडे गेला. अनेकांना वाटले, उताराचे दिवस आहेत. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि एकदाही विजेता झाला नव्हता. मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. विजयी फटका जाफरच्या बॅटमधून आला. त्याच वर्षी मार्चमध्ये, चाळिशी गाठलेल्या जाफरने इराणी करंडकात २८६ धावा केल्या. पुढच्या हंगामात त्याने रणजीत हजारावर धावा काढल्या आणि विदर्भाने करंडक राखला. आठ विजेतेपदे मुंबईबरोबर, दोन विदर्भाबरोबर. खेळलेला एकही अंतिम सामना तो हरला नाही. अशा पाहुण्याचे मोल धावांपलीकडचे असते. पाचव्या दिवसाच्या खेळपट्टीवर डाव कसा बांधायचा, हे नागपूरच्या मुलांनी त्याला समोरून खेळताना पाहून शिकून घेतले.

गोव्याची कथा याच दशकातली. ऑगस्ट २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकरने मुंबईकडे एनओसी मागितली. तोवर मुंबईकडून त्याला फक्त दोन टी-ट्वेंटी सामने मिळाले होते. त्याच्या बाजूने दिलेले कारण सरळ होते : या वयात जास्तीत जास्त वेळ मैदानावर काढणे गरजेचे आहे. डिसेंबरमध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने १२० धावा केल्या. दुसऱ्या टोकाला गोव्याचाच सुयश प्रभुदेसाई होता, त्याने द्विशतक केले. वडील सचिन यांनीही १९८८ च्या डिसेंबरात रणजी पदार्पणात शतक केले होते, म्हणून वर्तमानपत्रांनी त्या दिवशी दुसरे काही पाहिले नाही. गोव्यासाठी मात्र प्रभुदेसाईचे द्विशतक तितकेच मोठे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध अर्जुनने डावात पाच बळी घेतले. त्याच सामन्यात स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले या गोव्याच्या दोन मुलांनी त्रिशतके ठोकत ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रचली. प्लेट या खालच्या गटातल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर केलेल्या धावांचे वजन कमी मानले जाते. ते योग्यही आहे. संघ बदलणाऱ्याला हा धोका पत्करावा लागतो.

अर्जुन गेला त्याच २०२२-२३ च्या हंगामात मुंबईचा सिद्धेश लाडही गोव्याकडून खेळला आणि नंतर मुंबईत परतून त्याने पुन्हा जागा मिळवली. यशस्वी जयस्वालचे उदाहरण खेळायला मिळण्याचे नव्हतेच. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कसोटी संघातल्या या सलामीवीराने गोव्यासाठी एनओसी मागितली ती नेतृत्वाच्या संधीसाठी आणि काही आठवड्यांत मागे घेतली. ही दोन कारणे एकाच पिशवीत टाकली की राखीव बाकावर झिजणाऱ्या मुलाचा प्रश्न बाजूला पडतो आणि चर्चा निष्ठेवर घसरते.

ग्रामीण महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण किरण नवगिरेचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी आधी भालाफेक, गोळाफेक करायची. क्रिकेटकडे ती उशिरा वळली. वयोगटाच्या संघांतून वर आलेल्या मुली तिच्या पुढे होत्या. २०२१-२२ च्या हंगामात ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडला गेली. २०१८-१९ मध्ये ईशान्येतली राज्ये, बिहार, उत्तराखंड आणि पुद्दुचेरी असे नऊ संघ देशांतर्गत क्रिकेटमध्ये आले होते आणि तिथे अशा खेळाडूंना दारे उघडली होती. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशे पार करणारी ती पहिली भारतीय. प्रतिस्पर्धी दुबळा होता, पण आकडा एवढा मोठा होता की निवड समितीला त्याकडे दुर्लक्ष करता आले नाही. मे महिन्यात पुण्यातच झालेल्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये देशातल्या उत्तम गोलंदाजांसमोर तिने २५ चेंडूंत अर्धशतक केले आणि शंका मिटवली. सप्टेंबरमध्ये ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली. पुढे ती महाराष्ट्राकडे परतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक करून महिला टी-ट्वेंटीतला विश्वविक्रम केला. घरापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या संघाने तिला जे दिले ते एका शब्दात मावते : डाव. सलग, वरच्या क्रमांकावर, अपयशानंतरही पुढच्या सामन्यात हक्काने मिळणारा डाव.

अमेरिकेत तिथल्या महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’मध्ये संघ बदलण्याची हीच हालचाल फार मोठ्या प्रमाणावर चालते. जो बरो हा क्वार्टरबॅक ओहायो स्टेट विद्यापीठात तीन वर्षे बहुतेक बाहेरच बसला होता. २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटकडे गेला, २०१९ च्या हंगामात त्याने ६० टचडाउन पास दिले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत संघ बदलू इच्छिणाऱ्यांच्या नोंदीसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. २०२१ पासून पहिल्या बदलासाठी एक वर्ष थांबण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये बदलांच्या संख्येवरची बंधनेही सैल झाली. भारतात दार इतके उघडे नाही. सरफराज खान मुंबई सोडून उत्तर प्रदेशकडे गेला आणि परतताना त्याला एक हंगाम बाहेर काढावा लागला. जानेवारी २०२० मध्ये वानखेडेवर त्याच उत्तर प्रदेशविरुद्ध मुंबईकडून त्याने नाबाद ३०१ धावा केल्या. जाणे सोपे आणि परतणे महाग, ही रचना तरुण खेळाडूवर अन्याय करते. तेविशीत घेतलेल्या एका निर्णयासाठी वर्षभर बाहेर बसायला लावण्यात खेळाचा काही फायदा दिसत नाही.

देश सोडून गेलेलेही आहेत. मुंबईचा डावखुरा गोलंदाज सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक संघात होता. मुंबईकडून त्याला एकच रणजी सामना मिळाला. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि पुढे त्याच देशात संगणक अभियंता म्हणून काम करू लागला. जून २०२४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला हरवले तेव्हा सुपर ओव्हर त्याने टाकली आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कला विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. मुंबईच्या रांगेत मागे राहिलेल्यांची गुणवत्ता काय होती, हे त्या आठवड्यात जगाने पाहिले.

या सगळ्याची किंमत कोणीतरी मोजतो. पाहुणा आला की स्थानिक मुलगा अकरातून बाहेर जातो. तीन पाहुणे म्हणजे तीन मुले. विदर्भाने हा तोल बऱ्यापैकी सांभाळला. कर्नाटकाने वगळलेला, कसोटीत त्रिशतक केलेला करुण नायर २०२३ मध्ये तिथे आला आणि २०२४-२५ च्या विजेतेपदाच्या हंगामात त्याने ८६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. पण त्याच हंगामात विदर्भाच्याच यश राठोडच्या ९६० धावा होत्या आणि हर्ष दुबेने विक्रमी ६९ बळी घेतले होते. पाहुणा आधाराला होता, पण संघ घरचा होता. त्या अंतिम सामन्यात समोरच्या केरळ संघात विदर्भ सोडून गेलेला आदित्य सरवटे होता. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध पहिल्या डावात दोन धावांची आघाडी देऊन केरळला अंतिम फेरीत नेणारा शेवटचा बळी त्याच्याच चेंडूवर पडला होता.

महाराष्ट्राचा संघ आता पाहुण्यांचे घर होऊ लागला आहे. विदर्भाचा रजनीश गुरबानी आला. २०२५ मध्ये केरळकडून जलज सक्सेना आला आणि मुंबईतून पृथ्वी शॉ. शॉला मुंबईने ऑक्टोबर २०२४ मध्ये तंदुरुस्तीच्या कारणावरून वगळले होते. महाराष्ट्राकडून रणजीच्या पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला आणि पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकलेला नाही. १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीतून तो रिकाम्या हाताने परतला. अशा संघाने अनुभवी माणसे आणणे समजण्यासारखे आहे.

मात्र घरची वाटही तेवढीच रुंद करावी लागेल. पुरंदर तालुक्यातल्या कुटुंबातला ऋतुराज गायकवाड पिंपरी-चिंचवडमध्ये वाढला आणि थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत शिकला, म्हणून महाराष्ट्राला मिळाला. जुन्नर-आंबेगावच्या मुलासाठी तशी अकादमी नारायणगावहून ७०-७५ किलोमीटरवर आहे. टेनिस बॉलवर हात बसलेला हा मुलगा सीझन बॉलला सामोरा जातो तेव्हा शहरातल्या मुलाच्या मागे तीन-चार वर्षांचे सामने जमा झालेले असतात. २०२३ पासून गहुंज्याला सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे काही दारे उघडली, पण त्या संघांत निवड होण्याआधीही जिल्हा आणि निमंत्रितांच्या स्पर्धांतले सामने लागतात. नाशिक महामार्गाच्या या पट्ट्यात मंचर किंवा नारायणगावला चांगली टर्फ खेळपट्टी आणि सोळा वर्षांखालील मुलांना वर्षभर पुरेल एवढ्या दोन दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा झाली, तर माळशेजच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चुलतभावांना निदान सारख्या वयात सारखे चेंडू खेळायला मिळतील.